मोल्ड बदलायला तीन तास जातात, हे खरंच कमी होतं का?

नोझल_कुंडई
नमस्कार मंडळी. मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लास्टिक मोल्डिंग युनिटात प्रॉडक्शन बघतो. औषधाच्या बाटल्यांची झाकणं, मेजरिंग कप, आणि थोडे नायलॉनचे पार्ट असं काम आहे. पूर्वी गिऱ्हाईक महिन्याची ऑर्डर एकदम द्यायचं, एकदा मोल्ड (साचा) मशीनवर चढवला की चार-पाच दिवस तोच चालायचा. आता सगळ्यांना दर आठवड्याला थोडं थोडं हवंय, त्यामुळे रोज कुठल्या ना कुठल्या मशीनवर मोल्ड बदलणं आलंच. शेवटचा चांगला पीस ते पुढच्या मालाचा पहिला चांगला पीस असा हिशोब धरला तर अडीच-तीन तास जातात. साहेबांना तासाच्या आत हवंय. मध्ये एक सल्लागार येऊन गेले, म्हणाले स्मेड (साचा एक आकडी मिनिटांत बदलायची पद्धत) करा, दहा मिनिटांच्या आत येईल. आमच्याकडे मोल्ड उचलायला एक चेन ब्लॉक (साखळीची कप्पी), शिफ्टला दोन सेटर (मोल्ड चढवणारे). मोल्ड चुंबकाने धरून ठेवणाऱ्या मॅग्नेटिक क्लॅम्पचं कोटेशन मागवलं, आकडा बघून पुढे कोणी बोललंच नाही.

सेटर हळू काम करतात म्हणून वेळ जातो असं ऑफिसात सगळे म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ती माणसं घामाघूम झालेली असतात. मग वेळ जातो कुठे? आणि आमच्यासारख्या छोट्या युनिटाने सुरुवात कुठून करायची?

साखळीचा_फिटर
पहिलं म्हणजे सेटरची बाजू घेतल्याबद्दल आभार. नाहीतर इथे पण लगेच "कामगार टाइमपास करतात" सुरू झालं असतं.

घाटावरचा
मी पुण्यात प्रेस शॉपमध्ये बरीच वर्षं काढली, आता वेर्ण्यात आहे. नोझलभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर १९५० मध्येच मिळालेलं आहे. शिगेओ शिंगो नावाचे जपानी इंजिनियर हिरोशिमाला तोयो कोग्यो म्हणजे माझदाच्या कारखान्यात गेले होते. तिथले मोठे प्रेस कमी पडतात, नवीन घ्यायला हवेत असं व्यवस्थापनाचं म्हणणं. शिंगो ८०० टनी प्रेसजवळ घड्याळ घेऊन उभे राहिले. डाय (प्रेसमधला साचा) बदलायला घेतला आणि कामगार इकडून तिकडे धावत सुटला, कारण एक बोल्ट सापडेना. तासाभराने तो बोल्ट घेऊन आला, तोही दुसऱ्या डायचा लांब बोल्ट कापून, त्याला नवीन आटे पाडून! तेवढा वेळ प्रेस बंद. तिथे त्यांनी पहिल्यांदा कामाचे दोन भाग केले, मशीन बंद असतानाच करता येतं ते एक, आणि मशीन चालू असताना आधी-नंतर उरकता येतं ते दुसरं. आत्ता तुमच्याकडे दुसऱ्या भागातलं बरंचसं काम पहिल्या भागात होत असणार, पैज लावतो.

आणि दहा मिनिटांचं म्हणाल तर तेही थापेबाजी नाही. १९६९ मध्ये टोयोटाच्या १००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत होते, जर्मनीत फोक्सवॅगन तेच दोन तासांत करत होती. आधी दीड तासावर आणलं, आणि मग तीन मिनिटांवर. पण शिंगोंना तिथपर्यंत पोचायला १९५० पासून १९ वर्षं लागली, हे सल्लागार लोक सांगत नाहीत.

डिचोलीकर६५
टोयोटा टोयोटा ऐकून कान किटले. टोयोटाकडे क्रेन आहे, टूल रूम आहे, माणसं आहेत. आमच्या जुन्या कंपनीत पण हे स्मेडचं झालं होतं. भिंतीवर बोर्ड, बोर्डावर ग्राफ, पहिले दोन महिने ग्राफ खाली, मग साहेब बदलले आणि बोर्डावर चतुर्थीच्या सुट्टीची नोटीस लागली. मुख्य म्हणजे वेळ वाचल्यावर काय केलं? प्रत्येक शिफ्टचा एक हेल्पर कमी केला. दुसऱ्या दिवसापासून कोणी काही सुचवायचं बंद झालं. नोझल, तुम्ही सुरुवात करण्याआधी साहेबांकडून हे कबूल करून घ्या की माणूस कमी होणार नाही. त्याशिवाय तुम्हाला खरी माहिती कोणी देणार नाही.

साखळीचा_फिटर
डिचोलीकर +१००

मोल्ड_माझा_सोबती
पंचवीसेक वर्षं मोल्डिंगमध्ये आहे, आधी मडकई, आता तिवीम. नोझल, तुमचे तीन तास कुठे जातात ते मी न बघता सांगतो, चुकलं तर सांगा.

मशीन थांबवलं. सेटर टूल रूममध्ये मोल्ड आणायला गेला. मोल्ड रॅकच्या सगळ्यात मागे, पुढचे दोन काढल्याशिवाय निघत नाही. ट्रॉली दुसऱ्या मशीनकडे. मोल्ड आला तर त्यावर गंज लागू नये म्हणून मारलेला स्प्रे, तो आता पुसायचा. आपल्याकडे पावसात हा स्प्रे चुकवताच येत नाही, एका रात्रीत कॅव्हिटीवर (साच्याच्या आतल्या पोकळीवर) तांबडं चढतं. मग चेन ब्लॉक. मग मोल्ड मधोमध बसवणारी लोकेटिंग रिंग बसेना, कारण ह्या मोल्डची रिंग वेगळ्या मापाची. मग क्लॅम्प, प्रत्येक क्लॅम्पला वेगळ्या लांबीचा बोल्ट, एकाला १९ चा पान्हा आणि दुसऱ्याला २४ चा, आणि खाली पॅकिंग म्हणून लोखंडाचे जे तुकडे मिळतील ते. पाण्याचे पाइप, कुठला आत कुठला बाहेर कोणालाच खात्री नाही, जुबिली क्लिप झिजलेली, स्क्रू ड्रायव्हर घसरतोय. मोल्ड गार, तो गरम व्हायला अर्धा तास. प्लास्टिक वितळतं त्या बॅरलमध्ये आधीचा निळा रंग, पर्जिंग (जुना माल बाहेर काढणं) करून करून गोणीभर माल कचऱ्यात. मग सेटिंग. मागच्या वेळी काय टेम्परेचर, काय प्रेशर होतं ते एका डायरीत, आणि डायरी ज्याची तो सेकंड शिफ्टला. शेवटी पीस निघाला की क्वालिटीवाला जेवायला.

यात पान्हा फिरवण्याचा वेळ किती सांगा?

नोझल_कुंडई
दादा, तुम्ही आमच्याकडे कॅमेरा लावलाय का?? डायरी सकट सगळं खरं आहे.

फोंडेकरीण
मी मोल्डिंगमधली नाही पण वाचून हसू आवरत नाहीये. आमच्या घरी चतुर्थीला हेच. पाहुणे पानावर बसले की मग कोणाला तरी आठवतं की नारळ किसायचा राहिलाय, आणि अडाळा (विळी) कुठे ठेवलाय ते फक्त सासूबाईंना माहीत.

घाटावरचा
फोंडेकरीण ताई, सल्लागाराच्या अख्ख्या भाषणापेक्षा हे बरं.

क्यूए_वाली
एक वेगळी बाजू मांडते. मी फार्मात क्यूएला (गुणवत्ता हमी विभागात) आहे, वेर्ण्याच्या बाजूला. आमच्याकडे चेंजओव्हर (एका मालावरून दुसऱ्यावर जाणं) म्हटलं की सगळे आमच्याकडे बोट दाखवतात. ब्लिस्टर लाइनवर (गोळ्यांची पाकिटं बनतात तिथे) चेंज पार्ट्स बदलायला म्हणजे फॉर्मिंग प्लेट, सीलिंग प्लेट, पंचिंग टूल, गाइड ट्रॅक हे सगळं मिळून दोन तास धरा. पण एका औषधावरून दुसऱ्या औषधावर जायचं असेल तर आधी पूर्ण सफाई, मग स्वॅब (औषधाचा अंश राहिला का ते बघायला पुसून घेतलेला नमुना), मग क्यूसीचा म्हणजे तपासणी लॅबचा रिपोर्ट, मग लाइन क्लिअरन्स (आधीचं काही राहिलं नाही ना याची तपासणी). लोक म्हणतात क्लिअरन्सला एवढा वेळ कशाला. अहो आधीच्या बॅचची एक गोळी कन्व्हेयरखाली राहिली आणि पुढच्या पाकिटात गेली तर बीपीच्या औषधात डायबेटिसची गोळी. ती कोणाच्या तरी आजीच्या हातात जाणार आहे. त्यामुळे "दहा मिनिटांत करा" हे वाक्य आमच्याकडे कोणी बोललं की मला राग येतो, स्पष्टच सांगते. व्हॅलिडेट केलेली (चाचण्या करून सिद्ध केलेली) सफाईची पद्धत मनाला येईल तशी छोटी करता येत नाही.

डिचोलीकर६५
ताई, गोळीबद्दल कोण नाही म्हणतंय. पण स्वॅब देऊन मशीन रात्रभर बंद पडून असतं ते का? तेवढा वेळ स्वॅब क्यूसीच्या फ्रिजमध्ये असतो, आजीचं रक्षण करत नसतो.

क्यूए_वाली
हा मुद्दा मात्र मान्य, आणि आम्ही काम केलं ते नेमकं तिथेच. सफाईच्या एका पायरीलाही हात लावला नाही. आधी काय व्हायचं, स्वॅब लॅबमध्ये पोचल्यावर ॲनालिस्ट मोबाइल फेज (चाचणीचं द्रावण) बनवायला घ्यायचा, मग एचपीएलसीचा (अंश मोजायच्या यंत्राचा) कॉलम सेट व्हायला लावायचा, मग स्टँडर्डची इंजेक्शनं, आणि मग आमच्या स्वॅबचा नंबर. आता प्रॉडक्शन सफाई सुरू करतानाच लॅबला कळवतं. सफाई संपेपर्यंत कॉलम तयार असतो, सिस्टिम सुटेबिलिटी (यंत्र नीट चालतंय ना याची चाचणी) पास झालेली असते, स्वॅब आला की थेट लागतो. घाटावरचे दादा म्हणाले तेच, मशीन बंद नसताना जे होतं ते आधी करा, फक्त इथे "आधी" लॅबमध्ये होतं. दुसरं, चेंज पार्ट्सच्या दोन ट्रॉल्या केल्या. पुढच्या प्रॉडक्टची ट्रॉली धुऊन, तपासून, टॅग लावून आधीच उभी. क्लीन होल्ड टाइमच्या (धुतलेलं किती वेळ स्वच्छ धरायचं त्या मुदतीच्या) आत वापरली की झालं. आणि प्लॅनिंगवाल्यांशी भांडून एकाच प्रॉडक्टच्या बॅचेस ओळीने घ्यायला लावल्या, म्हणजे मोठी सफाईच कमी वेळा. हे सगळं चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी) काढून, कागदावर आणून केलं, तोंडी नाही.

सांज_शिफ्ट
मी बॉटलिंगला आहे, दारूचं. हसू नका, आमचं दुखणं पण हेच आहे. ७५० मिलीवरून १८० वर गेलं की स्टार व्हील (बाटल्या पुढे नेणारं खाचांचं चाक) बदला, बाटल्या आत ढकलणारा स्क्रू बदला, फिलरची उंची, कॅपिंग हेड, साइडचे गाइड रेल. आणि बाटली तीच राहिली तरी दुसऱ्या राज्याचा माल आला की लेबल बदललं, कारण प्रत्येक राज्याच्या अबकारी खात्याचं लेबल वेगळं मंजूर झालेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ गाइड रेल खायचे. नॉब सैल करा, रेल सरकवा, बाटली चालवून बघा, पडली, परत सरकवा. प्रत्येक ऑपरेटरचा अंदाज वेगळा. एका म्हाताऱ्या मेंटेनन्सवाल्याने नायलॉनचे ठोकळे कापले, १८० चे लाल, ७५० चे हिरवे. ठोकळा मध्ये धरायचा, रेल त्याला टेकवायचा, नॉब आवळायचा, संपलं. चालवून बघायची गरजच नाही. ठोकळे भंगारातल्या नायलॉनच्या शीटचे. ज्या कामाला अंदाज लागतो तिथे वेळ जातो हे मी तिथे शिकलो.

घाटावरचा
सांज शिफ्ट, एकदम मोक्याचं बोललात. ॲडजस्टमेंट लवकर करण्यात हशील नाही, ॲडजस्टमेंट लागूच नये असं करायचं. प्रेसमध्ये आम्ही सगळ्या डायची उंची एकच केली, छोट्या डायखाली कायमची प्लेट बोल्ट करून टाकली. शट हाइट (प्रेस मिटल्यावरची उंची) बदलायचं कामच गेलं. तसंच बोल्टचं. १५ आटे असलेला बोल्ट असेल तर १५ वेळा फिरवायचा, पण घट्ट होतो तो शेवटच्या फेरीत आणि सैल होतो तो पहिल्या फेरीत. मधल्या १४ फेऱ्या कशाला? क्लॅम्पचं भोक खाचेसारखं उघडं करा, बोल्ट एक फेरी सैल केला की क्लॅम्प ओढून निघतो. वॉशरला पण तशीच खाच.

पिट_लेन
फॉर्म्युला वन बघा राव! २०२३ मध्ये कतारला मॅकलॅरनने चारही टायर १.८० सेकंदात बदलले. एका चाकाला एकच नट.

साखळीचा_फिटर
आणि माणसं वीस. आम्हाला वीस माणसं द्या, मोल्डच काय आख्खं मशीन बदलून देतो.

पिट_लेन
माणसं जास्त आहेत हे खरं, पण बघण्यासारखं हे की गाडी येण्याआधी प्रत्येकजण आपल्या जागेवर, गन हातात, टायर हातात. गाडी थांबल्यावर कोणी काही आणायला जात नाही. तुमचे दोन सेटर सुद्धा एवढं करू शकतात. आणि दुसरं म्हणजे दोघं एकाच बाजूला उभे नसावेत, एक ऑपरेटरच्या बाजूला, एक मागच्या बाजूला. एकटा सेटर मशीनला किती फेऱ्या मारतो बघा कधीतरी.

मोल्ड_माझा_सोबती
फेऱ्यांचं बरोबर. पण दोघं दोन बाजूला असले की एक गोष्ट सांभाळा, मशीन चालू करायचं बटण एकाच्याच हुकमावर. दुसऱ्याचा हात आत असताना प्लॅटन (मोल्ड बसतो ती मशीनची जाड प्लेट) हलली तर वाचवलेली मिनिटं घेऊन काय करायचंय. वेळेच्या नादात सेफ्टी गेट बायपास करणारे बघितलेत मी.

वेर्णा_बस_स्टॉप
एक कोणी बोललं नाही ते सांगतो. शिफ्ट बदलताना येणारा चेंजओव्हर. आमची बरीच पोरं दोडामार्ग, सावंतवाडीहून कंपनीच्या बसने येतात. तीनला बस सुटते म्हणजे सुटते. अडीचला मोल्ड काढायला घेतला तर एक सेटर अर्धा उघडून बसला पळणार आणि दुसरा येऊन बघणार की कुठला बोल्ट सैल आहे, कुठला पाइप काढलाय. तिथे तासभर आरामात जातो. आम्ही नियमच केला, दीडनंतर मोल्ड उतरवायला घ्यायचा नाही, त्याऐवजी पुढची तयारी करून ठेवायची. येणारा सेटर फ्रेश, ट्रॉली तयार.

नोझल_कुंडई
मंडळी, खूप खूप आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. इथलं वाचून या आठवड्यात एका मोल्डचा पूर्ण बदल मोबाइलवर शूट केला. आधी डिचोलीकर बाबनी सांगितलं तसं साहेबांशी बोललो, माणूस कमी होणार नाही असं त्यांनी सेटरांच्या समोर सांगितलं. मग व्हिडिओ ऑफिसात न बघता दोघा सेटरांबरोबर कँटीनमध्ये बसून बघितला. त्यांनीच थांबवून थांबवून सांगितलं, हे बघा इथे मी ट्रॉली शोधतोय, इथे क्लॅम्प शोधतोय. जवळजवळ निम्मा वेळ पान्हा हातात नव्हताच. त्यातला मोठा तुकडा मोल्ड गरम होण्याचा आणि पहिल्या पीसच्या मंजुरीचा.

लगेच केलेलं असं : पुढचा मोल्ड आदल्या शिफ्टला पुसून मशीनजवळ, क्लॅम्प-बोल्ट-पॅकिंगचा डबा त्याच्याबरोबर. पाण्याला क्विक कपलिंग, आतला निळा, बाहेरचा लाल. सेटिंगची शीट मोल्डलाच लॅमिनेट करून बांधली. रंगांचा क्रम पांढऱ्याकडून काळ्याकडे. काल तोच मोल्ड सव्वा तासात चढला. क्लॅम्पला अजून हातच लावलेला नाही.

डिचोलीकर६५
कँटीनमध्ये बसून बघितला हे बेस केलंत. कोटेशन फाडलं की ठेवलंय?

नोझल_कुंडई
ठेवलंय, पण फाइलमध्ये खाली 🙂 आता दुसरा प्रश्न. साहेब म्हणतात वाचलेल्या वेळात जास्त माल काढू. मला वाटतं त्या वेळात आणखी वेळा मोल्ड बदलावा, बॅच छोटी करावी. कोण बरोबर?

घाटावरचा
ज्या मशीनवर ऑर्डरी तुंबल्यात तिथे साहेब बरोबर. बाकी मशीनवर तुम्ही. विकला न जाणारा माल जास्त काढून गोदाम भरण्यात काय अर्थ? बॅचचं जुनं गणित १९१३ सालचं, फोर्ड हॅरिसचं, त्यात बॅच ही सेटिंगच्या खर्चाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. म्हणजे सेटिंगचा खर्च चौथ्या हिश्शावर आला तर बॅच निम्मी करता येते, आणि गोदामातला माल पण निम्मा. आपल्याकडे पावसात खोके ओले होतात, जागा भाड्याची, त्यामुळे हे पैसे खरे आहेत.

डिचोलीकर६५
गणित ठीक आहे पण बॅच छोटी म्हणजे सेटरला दिवसाला दुप्पट मोल्ड. वेळ निम्मा, काम दुप्पट, त्याच्या पाठीला काय मिळालं? चेन ब्लॉकच्या जागी छोटी जिब क्रेन (फिरत्या हाताची क्रेन) तरी घ्या. मॅग्नेटिक क्लॅम्पपेक्षा स्वस्त पडेल.

नोझल_कुंडई
बाब, हे मनावर घेतलंय. सोमवारच्या मीटिंगला क्रेनच मांडतो.

क्यूए_वाली
आणि पहिल्या पीसच्या मंजुरीचं? क्वालिटीवाल्याला मोल्ड बदलायच्या आधी कळवता का? गेज, ड्रॉइंग, मान्य केलेला नमुना हे त्याच्या टेबलावर आधीच असलं तर मंजुरी पटकन होते. आणि त्याची जेवणाची वेळ बघून मोल्ड घ्या, बिचाऱ्याला पानावरून उठवू नका.

मोल्ड_माझा_सोबती
नायलॉनचं विसरू नका. नायलॉन ८० डिग्रीच्या आसपास चार तास तरी सुकवावं लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्या हवेत उघडी गोणी तासाभरात पाणी ओढते. मोल्ड अर्ध्या तासात चढला आणि ड्रायर तेव्हा सुरू केला तर सगळं मुसळ केरात. ड्रायर आदल्या शिफ्टलाच. आणि चिलरचं पाणी फार गार ठेवून मोल्ड उघडा ठेवू नका, दमट हवेत मोल्डला घाम फुटतो, पहिले पीस पाण्याचे डाग घेऊन निघतात आणि तुम्ही सेटिंगमध्ये दोष शोधत बसता.

साखळीचा_फिटर
नोझलभाऊ, क्लॅम्पचं कधी घेताय? माझ्याकडे खाचेच्या क्लॅम्पचं ड्रॉइंग आहे, ईएन-८ (एक प्रकारचं पोलाद) मध्ये कुठलाही वर्कशॉपवाला करून देईल.

नोझल_कुंडई
द्या द्या, मेसेज करतो. सगळ्या मोल्डच्या बॅक प्लेटची जाडी एकसारखी नाही, आधी ती मोजायला घेतलीय. जिथे पातळ आहे तिथे कायमची पट्टी लावून एकच जाडी करायची म्हणजे एकच बोल्ट, एकच पान्हा. बोल्ट किती लांब ठेवू? छोटा ठेवला तर लवकर लागेल ना?

मोल्ड_माझा_सोबती
इथे घाई नको. प्लॅटनमध्ये बोल्टचे आटे त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आत गेले पाहिजेत. एम-१६ (१६ मिमी व्यासाचा) असेल तर २४ मिमी. त्याहून कमी ठेवलात तर प्लॅटनचे आटे जातील, आणि प्लॅटनला इन्सर्ट मारायला मशीन दोन दिवस बंद. बॅक प्लेटची जाडी, क्लॅम्पची जाडी, वॉशर आणि हे २४ मिमी, एवढी बेरीज करून लांबी ठरवा. आणि बोल्ट १०.९ ग्रेडचेच (जास्त ताकदीचे) घ्या, बाजारातले कुठलेही नकोत.

साखळीचा_फिटर
आणि पॅकिंगचा मागचा ठोकळा बॅक प्लेटपेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे क्लॅम्पचं नाक मोल्डवर दाबून बसतं. उलटं झालं तर सगळा दाब ठोकळ्यावर जातो आणि मोल्ड सरकतो. ड्रॉइंग पाठवलंय, इनबॉक्स बघा.